लांडगा ठार (आमच्या वार्ताहराकडून)

१९३३ सालच्या मार्गशीर्षातल्या एका मंगळवारचा पुण्याच्या एका दैनिकाचा अंक आज कुणी उघडला, तर त्याला वाटेल की त्या दिवशी जगात फारसं वाईट काही घडलं नव्हतं. पहिल्या पानावर जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषद पुढं ढकलल्याची तार होती. जगातली हत्यारं कमी करायला जमलेली मंडळी आता नव्या वर्षी भेटू म्हणून आपापल्या घरी चालली होती. दुसऱ्या पानावर गुळाचा भाव, एका बोलपटाची जाहिरात आणि केसांचं तेल लावण्यापूर्वी व नंतर असं एका गृहस्थाचं जोडचित्र होतं. दोन्ही चित्रं इतकी काळी उमटली होती की तेलानं गृहस्थाचं भलं झालं की वाटोळं, ते कळत नव्हतं. आणि तिसऱ्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात बारीक टायपात हा मजकूर होता:

"मेंढेगाव (ता. इंदापूर), आमच्या वार्ताहराकडून. गेले दोन महिने या भागात धुमाकूळ घालणारा लांडगा रविवारी दुपारी ठार झाला. पोलीस पाटील श्री. आबासाहेब यांच्या नेतृत्वाखाली साठ गावकऱ्यांनी रान उठवले. पेन्शनर हवालदार श्री. सोनबा यांनी अचूक नेम साधला. सर्वत्र समाधान व्यक्त होत आहे."

या मजकुरात खोटं असं एकच होतं. लांडगा मेला नव्हता.

आता ही चूक पुण्याच्या छापखान्याची नव्हे, आमच्या महिपती मास्तरांची. मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि वार्ताहर होऊन अकरा. वार्ताहराला पगार नसे. अंक फुकट येई, आणि संपादकांच्या सहीचं एक नेमणूकपत्र मिळालं होतं. ते मास्तरांनी चौकटीत बसवून देवांच्या तसबिरींच्या रांगेतच, पण देवांपेक्षा चार बोटं वर लावलं होतं. गावात पाटलाला लोक भीत, सावकाराला भीत, पण मास्तरांशी बोलताना टोपी सारखी करत, कारण कुणाचं नाव छापायचं आणि कुणाचं गाळायचं हे मास्तरांच्या हातात होतं.

अडचण टपालाची होती. मेंढेगावचं टपाल बुधवारी आणि शनिवारी दुपारी निघे. ते डोक्यावर घेऊन जासूद शेळगावला चालत जाई, तिथून मोटारीनं बारामती, बारामतीहून छोट्या आगगाडीनं दौंड, आणि दौंडला मोठ्या गाडीची वाट बघत बघत पुणं. रविवारी घडलेली गोष्ट बुधवारच्या टपालात टाकली की ती छापून येईपर्यंत शिळी होई, आणि कळंबचा वार्ताहर, ज्याच्या दारावरून टपाल रोज जाई, तीच बातमी आधी छापून आणून मिशांना पीळ भरी. मास्तरांनी यावर साधा तोडगा काढला होता. ते बातमी ती घडायच्या आधल्या दिवशीच लिहून टाकत.

यात लबाडी होती असं त्यांना कधीच वाटलं नाही. जत्रा 'उत्साहात पार पडते', बक्षीस समारंभ 'थाटात होतो' आणि कीर्तनाला 'अलोट गर्दी' असते. या गोष्टी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं होतच नाहीत, तर त्या होईपर्यंत थांबायचं कशाला? एकदा येणाऱ्या कीर्तनकारबुवांना वाटेत जुलाब लागले आणि ते आलेच नाहीत. पण अलोट गर्दी छापून आल्यावर गावातल्या निदान वीस जणांनी, बुवांनी आख्यान काय रंगवलं म्हणता, असं मास्तरांना स्वतःहून सांगितलं. तेव्हापासून मास्तरांचा आपल्या पद्धतीवर पक्का विश्वास बसला. त्यांची बायको कौसल्याबाई मात्र म्हणत, "माझी बाळंतपणं तेवढी झाल्यावर कळवलीत, नशीब माझं."

लांडगा म्हणजे कीर्तन नव्हे, एवढं मास्तरांच्या ध्यानात यायला हवं होतं. दसऱ्यापासून हे जनावर पडीक माळावर फिरत होतं. त्याच माळावर झुंबर धनगराचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे भिंती नव्हेत. दीडशे मेंढरं, दोन कुत्री, झुंबर, त्याची बायको सारजा आणि पाच वर्षांची नकोशी, एवढाच तो संसार. दोन मोठ्या मुली आजीपाशी होत्या. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, उभी करत. माणसांभोवती तीही नसे. लांडग्यानं आधी कोकरं नेली. मग शेजारच्या वस्तीवरचं दोन वर्षांचं मूल अंगणातून ओढून नेलं आणि कुत्री मागं लागली तेव्हा बांधावर टाकून पळाला. मूल जगलं, पण एक कान गेला. त्या दिवसापासून सारजा नकोशीच्या कमरेला दोरी बांधून तिचं दुसरं टोक आपल्या कमरेला बांधी आणि तशीच मेंढरांमागं फिरे. माळावर हसणारी माणसं पुष्कळ होती, पण तिनं दोरी काही सोडली नाही.

पाटलांनी अर्ज केला. एका सरकारी कचेरीनं, जिचं नाव घेण्यात आता अर्थ नाही, सोनबा हवालदारांना महिन्यापुरती एक बंदूक आणि सहा काडतुसं मंजूर केली. हवालदार मोठ्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आले होते. तिथं ते खेचरांच्या तळावर दाणावैरण वाटत, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. रविवारचा हाका ठरला. शनिवारी दुपारी मास्तरांनी बातमी लिहिली, 'अचूक नेम' या शब्दांखालून एकदा प्रेमानं बोट फिरवलं आणि पाकीट जासुदाच्या हाती दिलं.

रविवारचा हाका पाहण्यासारखा झाला. साठ माणसं होती, चार ढोल होते, रॉकेलचे डबे होते. पाटील घोड्यावर बसून आले होते आणि घोडा ढोलाला बुजणारा होता, त्यामुळं पाटलांचं नेतृत्व बहुतेक वेळ उलट्या दिशेनं चाललं होतं. मास्तर एका बाभळीवर चढून बसले होते. खाली उतरताना काय होईल याचा विचार त्यांनी चढताना केला नव्हता. अखेर ओढ्यातून लांडगा वर आला. चांगला मोठा, राखाडी, एका बाजूला जरा लंगडणारा. तो हवालदारांपुढं वीस पावलांवर उभा राहिला आणि त्यानं ढोल, डबे, घोडा आणि बंदूक यांकडं एकदा निवांत बघितलं.

"मारा! हवालदार, मारा!" बाभळीवरून मास्तर ओरडले. त्या साठ माणसांत लांडग्याच्या मरणाची एवढी कळकळ झुंबर सोडला तर मास्तरांनाच होती, कारण लांडग्याचा मृत्यू त्या घटकेला दौंडच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट बघत होता.

हवालदारांनी चाप ओढला. पहिलं काडतूस फुसकं निघालं. दुसरं उडालं ते एका बोरीत गेलं. तिसरं भरेपर्यंत लांडगा जसा आला तसा, घाई न करता, ओढ्यात उतरून गेला. मास्तर बाभळीवरून उतरताना धोतर फाडून घेऊन खाली आले.

सोमवारी सकाळी बारामतीला जाऊन पुण्याला तार करावी, असं त्यांच्या मनात आलं. पण तार इंग्रजीत करावी लागे आणि मास्तर मराठी फायनलवाले. शिवाय बारामतीच्या तारमास्तरासमोर 'लांडगा मेलेला नाही' हे कुठल्याही भाषेत सांगायचं म्हणजे अकरा वर्षांच्या अब्रूचं काय? ते सल्ला घ्यायला पाटलांकडं गेले. पाटील म्हणाले, "मास्तर, आज न्हाय मेला तर उद्या मरंल की. बातमी थोडीच चुकतीया? जरा लौकर झाली, इतकंच." हवालदार म्हणाले, "त्या बोरीजवळ मला रगताचा ठिपका दिसला हुता. मी बोललो न्हाय." कौसल्याबाई म्हणाल्या, "अहो, जा आणि तार करा." या तिन्हींपैकी मास्तरांना न आवडलेला सल्ला एकच होता.

बुधवारी अंक गावात आला आणि चमत्कार झाला. ज्या दोघांचं नाव छापून आलं त्यांना लांडगा पडलेला आठवू लागला. हवालदारांच्या रक्ताच्या ठिपक्याचं संध्याकाळपर्यंत थारोळं झालं. पाटलांनी घोड्यावरून त्याला तडफडताना पाहिलं होतं. नावं न छापलेली बाकीची माणसंही 'साठ गावकरी' या दोन शब्दांत बसत असल्यामुळं समाधानी होती. गुरुवारी तर खुद्द मास्तरांनाही वाटू लागलं की आपण बाभळीवर होतो, तिथून नीट दिसलं नसेल.

कचेरीतही अंक जाई. आठव्या दिवशी हुकूम आला: कामगिरी फत्ते झाल्याबद्दल अभिनंदन, बंदूक व उरलेली काडतुसं ताबडतोब जमा करावीत, आणि मृत जनावराचं कातडं दप्तरी खात्रीसाठी पाठवावं. बंदूक देणं सोपं होतं. ती परत गेली. कातड्यानं पंचाईत केली. पाटलांच्या ओसरीवर बराच खल झाला, आणि शेवटी कातडं कुजून दुर्गंधी सुटल्यामुळं पंचांसमक्ष जाळून टाकलं, असा पंचनामा करायचं ठरलं. पाच सह्या झाल्या. अक्षर सुरेख म्हणून मजकूर मास्तरांनीच लिहिला आणि पहिली सही त्यांचीच घेतली. मेलेलं जनावर आता जळलंही होतं.

त्याच आठवड्यात जिवंत जनावरानं झुंबरची दोन मेंढरं नेली. झुंबर आणि सारजा मास्तरांच्या दारात येऊन उभे राहिले. सारजाच्या मागं दोरीला नकोशी होती. ती मास्तरांच्या भिंतीवरच्या तसबिरी तोंड उघडं टाकून बघत होती.

"मास्तर, त्यो जिता हाय," झुंबर म्हणाला. "लंगडतूया, त्योच हाय. पाटील म्हणत्यात, मेला, छापून आलंय. आमी काय करावं?"

"मी बघतो," मास्तर म्हणाले.

"बघू नगा, छापा," सारजा म्हणाली. "मेला म्हणून छापलं तवा बंदूक गेली. जिता हाय म्हणून छापा, म्हंजी यील."

एवढी सरळ गोष्ट अकरा वर्षांत मास्तरांना कुणी सांगितली नव्हती. ते म्हणाले, छापण्यापेक्षा कचेरीत समक्ष जाणं बरं. असं म्हटल्यानं आपण छापण्यापेक्षा मोठं काही करतो आहोत असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी ते झुंबरला घेऊन कचेरीत गेले. तिथले कारकून सज्जन होते. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, बातमीची तारीफ केली आणि झुंबरला दाराबाहेर उभं केलं.

"लांडगा मेंढरं नेतोय साहेब," मास्तर म्हणाले.

"कुठला लांडगा?"

"मेंढेगावचा."

"तो मेला." कारकुनांनी फायलीतून कात्रण काढलं, त्याखालून पंचनामा काढला. "जाळलासुद्धा तुम्ही. ही तुमचीच सही ना?"

"माझीच."

"मेलेल्या जनावरासाठी मला बंदूक देता यायची नाही. वरून विचारतील. पंचनामा खोटा असेल तर तसं लिहून द्या, मी आजच्या आज बंदोबस्ताला लागतो. खोटा आहे का?"

खोलीत एक पंखा होता, दोरीनं ओढायचा. तो ओढणारा शिपाईसुद्धा थांबून मास्तरांकडं बघत होता, असं मास्तरांना वाटलं. एका शब्दाचं काम होतं. दारातून झुंबरच्या मुंडाशाचा कोपरा दिसत होता.

"खोटा नाही," मास्तर म्हणाले. "हा दुसरा."

दुसऱ्या लांडग्याला कचेरीची ना नव्हती. फक्त त्याचं काम पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं. पाटलाचा नवा अर्ज, तलाठ्याचा अहवाल, नुकसानीचा पंचनामा, आणि दुसरा लांडगा हा पहिल्यापेक्षा वेगळा असल्याबद्दल गावकऱ्यांचे जबाब. कारकुनांच्या मते संक्रांतीपर्यंत सगळं होऊन जाईल. परतीच्या वाटेवर झुंबरनं विचारलं, "काय म्हनलं सायेब?" मास्तर म्हणाले, "काम मार्गी लागलं." झुंबरनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि तो हात लागू दिल्याची लाज मास्तरांना पुढं मरेपर्यंत पुरली.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. कौसल्याबाईंनी शाई आणि कागद पुढ्यात आणून ठेवले. मास्तरांनी संपादकांना पत्र लिहिलं: लांडगा मेला नाही, बातमी आधी लिहिली, चूक माझी. तीन ओळींचं पत्र. त्याला अर्धी रात्र आणि सहा कागद लागले. पण सकाळी बारामतीहून एक निमंत्रण आलं. तिथल्या एका वाचनालयानं ग्रामीण वार्ताहरांचा सत्कार योजला होता. मेंढेगावच्या शिकारीची बातमी विशेष गाजल्यामुळं महिपती मास्तरांना शालजोडी द्यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी, पाच वाजता.

"पत्र आधी टाका," कौसल्याबाई म्हणाल्या.

"टाकतो ना. शुक्रवार होऊ दे. तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

बुधवारचं टपाल गेलं. पत्र मास्तरांच्या कोटात राहिलं. शुक्रवारी त्यांनी तोच कोट घातला, कारण दुसरा नव्हता. सभा उशिरा सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले की पुण्यामुंबईच्या पत्रकारांना खुर्चीवरून जग दिसतं, पण आमचे महिपती मास्तर झाडावर चढून बातमी आणतात. टाळ्या पडल्या. मास्तर उत्तरादाखल उभे राहिले आणि सत्याच्या सेवेबद्दल बराच वेळ बोलले. बोलताना त्यांना खरोखरच गहिवरून आलं होतं.

शनिवारी दुपारी ते शालजोडी आणि नारळ घेऊन शेळगावहून बैलगाडीनं गावात उतरले, तर चावडीपुढं माणसं जमली होती. पाटलांनी त्यांना हाताला धरून आत नेलं.

शुक्रवारी दिवेलागणीला, मास्तर बारामतीला भाषण करत होते त्याच सुमाराला, लांडगा वाड्यावर आला होता. आदल्या रात्री त्यानं वाघर फाडली होती. ती बांधायला दोरी कमी पडली, म्हणून सारजानं नकोशीच्या कमरेची सोडली होती. गाठ मारायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. कुत्री धावली, झुंबर कोस दीड कोस धावला. सकाळी ओढ्याच्या पलीकडं नकोशी सापडली.

"पंचनामा करायचाय," पाटील हळू आवाजात म्हणाले. "लांडगा लिवता येत न्हाय, मास्तर. लांडगा लिवला तर आधीचा कागद खोटा पडतो. पाच जण गुंत्यात, आन पैली सही तुमची. पिसाळलेलं कुत्रं लिवू."

"कुत्रं नाही," मास्तर म्हणाले.

"मग काय लिवता?"

मास्तरांनी टाक उचलला. त्यांनी लिहिलं, 'अज्ञात जनावर'. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. नंतर शालजोडी चावडीतच विसरून ते माळाकडं चालू लागले.

वाड्यावर मेंढरं जाळ्यातच होती. त्यांना त्या दिवशी कुणी चरायला सोडलं नव्हतं आणि ती भुकेनं ओरडत होती. झुंबर पाठमोरा बसला होता. सारजा दगडांच्या चुलीपाशी होती. तिनं मास्तरांना पाहिलं आणि ती उठून उभी राहिली, मास्तर आले की सगळे राहतात तशीच. मास्तरांनी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती.

"मास्तर," सारजा म्हणाली, "तुमी लांडगा मेला म्हणून छापलं. व्हय?"

"होय."

"त्यो जिता हुता. आमच्या डोळ्यांदेखत मेंढरं नेत हुता. तरी पाटील म्हणालं मेला, सरकार म्हणालं मेला, समदं गाव म्हणालं मेला. तुमी छापलं म्हणून. व्हय का न्हाय?"

"होय, सारजाबाई. चूक माझी. मी..."

"चूक राहू द्या. मग आता छापा, झुंबर धनगराची पोरगी जिती हाय."

"सारजे, गप," झुंबर पाठमोराच म्हणाला.

"का गप? ह्यांनी लिवलं की समदी मानत्यात. पाटील मानतो, सायेब मानतो. लिवा मास्तर. माळावर खेळतीया म्हणून लिवा. कुणाला न्हाय म्हणायचं आसंल त्यो यिऊन न्हाय म्हणंल." ती जवळ आली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी समजूतदार होता, बाजारात मेंढरू विकताना असतो तसा. "आन नाव नकोशी घालू नगा. ती तिसरी झाली तवा आमी रागानं ठिवलं हुतं. बानू घाला. बानू चांगलं दिसंल."

मास्तर तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. झुंबर वळला नाही. सारजा त्यांचं रडणं थांबायची वाट बघत शेजारी उभी राहिली. ते लवकर थांबेना, तेव्हा तिनं विचारलं,

"कवा यील छापून?"